टॉनिकनं सोयाबीन वाढलं का, हे तपासायचं कसं

दादा, तुमचं म्हणणं असं की मागच्या साली एकरी 7 क्विंटल सोयाबीन झालं, यंदा टॉनिक फवारलं तर 10 झालं, आन पुढच्या खरिपात अर्धं रान फवारून अर्धं सोडून एकदाचं पक्कं करायचंय. मागच्या सालाशी तुलना तर सोडूनच द्या, तेव्हा ऐन फुलोऱ्यात पावसानं दडी मारली होती हे तुम्हीच लिहिलंय, मग ते 3 क्विंटल पावसाचे का बाटलीचे कोण सांगणार. आणि अर्धं-अर्धं पण नका करू, मी हीच चूक केलेली आहे.

आमचं रान परभणीकडचं, वरून बघायला एकसारखं काळं. वरचा भाग फवारला, खालचा सोडला, आन खालचाच जास्त भरला. मी दुकानदाराला शिव्या घालून मोकळा. पुढच्या साली काहीच न फवारता दोन्हीकडचा एकेक गुंठा वेगळा मळून पाहिला, तरी खालच्याला चार किलो जास्त! उताराची माती आन ओल खाली जाऊन बसते, वर मात्र हातभर उकरलं की मुरूम.

म्हणून जोड्या करा. एकाला एक लागून गुंठ्या-गुंठ्याचे दोन तुकडे, उतारावर वर-खाली नकोत, आडवे शेजारी, बियाणं एकच, पेरणी एकाच दिवशी. कोणत्या तुकड्याला टॉनिक ते रुपया उडवून ठरवा, मनानं ठरवलं की हात गुपचूप चांगल्या तुकड्याकडं जातो. संख्याशास्त्राचा माणूस रोनाल्ड फिशर 1919 ला इंग्लंडात रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रावर लागला, त्यानं ही चिठ्ठ्या टाकायची रीत शेतातल्या प्रयोगांवरच बसवली, कृषी विद्यापीठांत अजूनबी ट्रायलचे प्लॉट तसेच पाडतात.

जोड्या किती? चार केल्या आन चारही टॉनिकनं जिंकल्या तरी नुसत्या नशिबानं तसं 16 त एकदा होतंच, सहा केल्या तर 64 त एकदा. सहाच करा.

दुसऱ्या तुकड्यात साधं पाणी फवारा, म्हणजे गडी फिरताना झाडं तुडवतो ते दोन्हीकडं सारखं होतं. कडेच्या दोन-दोन ओळी वजनात धरू नका, वाऱ्यानं फवारा तिकडं उडतो. बाटली आन मजुरीचा खर्च निघायला गुंठ्यामागं किती किलो जास्त पायजे हे पेरणीआधीच वहीत लिहा, मळणी झाल्यावर मन लई उदार होतं.

मळल्यावर तुकड्यागणिक एक कट्टा, कट्ट्यांवर नुसते 1 ते 12 नंबर, कोणता कशाचा ती यादी घरी, काट्यावर उभा राहणाऱ्याला काही सांगायचं नाही. आणि सगळे कट्टे सारखे वाळवून एकाच दिवशी मोजा. माझा एक कट्टा रात्रभर दवात राहिला होता, सकाळी तोच सगळ्यात भारी भरला, आन मी तासभर खूश होतो.