वजन वाढतंय, पण रडू आवरत नाही

प्रश्न : ताई, मी 22 वर्षांची आहे. तीन वर्षांपूर्वी मला ॲनोरेक्सिया, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणं टाळण्याचा आजार, झाल्याचं निदान झालं. गेले चार महिने उपचार नीट चालू आहेत, आखून दिल्याप्रमाणे जेवते. सगळे म्हणतात, चेहऱ्यावर तेज आलं. मला मात्र ऊठसूट रडू येतं, आईवर खेकसते. आजारात मी किती शांत होते! कुणी काही लागट बोललं की टेबलाखाली अंगठा मुठीत घट्ट दाबायचा, हसायचं आणि ‘मी ठीक आहे’ म्हणायचं. पोट रिकामं असलं की बाकी काही जाणवायचंच नाही. तेव्हाच बरी होते का मी?

उत्तर : नाही गं, तेव्हा बरी नव्हतीस. पण तुला तसं का वाटतं, ते मला पुरतं कळतं. तो मुठीत दाबलेला अंगठा मी समुपदेशनाच्या खोलीत कितीदा पाहिलाय. चेहरा हसरा, आवाज मऊ आणि बोटांची पेरं पांढरीफटक.

उपासमारीने भावना बोथट होतात, हा तुझा अनुभव खराच आहे. म्हणून तर हा आजार सोडवत नाही. राग, भीती, लाज यांचं काय करायचं ते कळत नसलं की न जेवणं हाच उपाय वाटू लागतो. पण त्याची किंमत मोजावी लागते. 1997 मध्ये ग्रॉस आणि लेव्हेन्सन या मानसशास्त्रज्ञांनी 180 तरुणींवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांना चित्रफिती दाखवल्या आणि काहीजणींना सांगितलं, चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका. त्यांनी ते जमवलं. पण दुःखद प्रसंग पाहताना त्यांचं आतलं दुःख तसूभरही कमी झालं नाही, शरीरावरचा ताण उलट वाढला. गमतीचे प्रसंग पाहताना मात्र मजा कमी वाटली. हे वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ तशीच बसून होते. दाबून दुःख जात नाही, जातो तो आनंद. त्या तीन वर्षांत पोट धरून हसल्याचं तुला आठवतं का? मैत्रिणीशी झालेलं बोलणं? सगळं लक्ष चेहरा सांभाळण्यात गेलं की समोरचा काय बोलला तेही नीट लक्षात राहत नाही. आणि समोरच्याला वाटतं, हिला आपण नकोच आहोत.

आता या चार महिन्यांबद्दल. 1944-45 मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात 36 धडधाकट तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास झाला होता. ते चिडचिडे झाले, खिन्न झाले, माणसांपासून दूर राहू लागले. पुन्हा पुरेसं खायला मिळू लागल्यावरही त्यांचं मन लगेच ताळ्यावर आलं नाही, काहीजण तर सुरुवातीचे काही आठवडे आणखीच चिडखोर झाले. त्यांना आधी ॲनोरेक्सिया नव्हता. तुझ्या बाबतीत तर आजवर उपासमारीखाली दडपलेलं सगळंच वर येतंय. म्हणून जेवणाचा क्रम मोडू नकोस. याच वळणावर अनेकजणी मागे फिरतात, त्याची मला फार काळजी वाटते.

रडू आलं की लगेच कारण शोधत बसू नकोस. आधी शरीरात काय होतंय ते सांग : घसा दाटलाय, छाती भरून आलीय, हात गार पडलेत. भावनेचं नाव नंतर सापडेल, उशिरा सापडलं तरी चालेल. आईला एकदा सांगून टाक, ‘मी खेकसले तर ते तुझ्यावर नसतं, दोन मिनिटं नुसती जवळ बस.’ आणि ‘तेव्हाच बरी होते’ हे वाक्य मला लिहिलंस, तसं तुझ्या डॉक्टरांना आणि समुपदेशकांना याच शब्दांत सांग. चक्कर आली, छातीत धडधडलं किंवा जगणं नकोसं वाटलं, तर पुढच्या भेटीची वाट पाहू नकोस, त्याच दिवशी त्यांना गाठ.

अंगठ्याचं काय झालं, ते मला कळव.