वाचकांचे प्रश्न : मास्टर डेटाच्या परिषदेला जायचं तर काय घेऊन जायचं?

चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी मटेरियल आणि व्हेंडर मास्टर, म्हणजे माल आणि पुरवठादार यांच्या कंपनीभर वापरल्या जाणाऱ्या मूळ याद्या, सांभाळतो. कंपनी यंदा पहिल्यांदाच एकाला परिषदेला पाठवणार आहे. मुंबईतली गार्टनर या संशोधन-सल्लागार कंपनीची डेटा अँड अॅनालिटिक्स समिट, एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीचं संमेलन आणि अमेरिकेतली डीजीआयक्यू (डेटा गव्हर्नन्स, म्हणजे डेटाचे नियम आणि जबाबदाऱ्या, व माहितीचा दर्जा यांवरची परिषद), यांतलं काय निवडावं?

मास्टर डेटा सांभाळणारं सॉफ्टवेअर तुम्ही घेतलंय की अजून घ्यायचंय, यावर सगळं अवलंबून आहे. घेऊन झालं असेल तर त्याच कंपनीच्या संमेलनाला जा. इन्फर्मॅटिका वर्ल्ड किंवा कोलिब्राचं डेटा सिटिझन्स अशा ठिकाणी ते उत्पादन बनवणारे अभियंते भेटतात आणि तेच सॉफ्टवेअर वापरणारे इतर ग्राहकही. सपोर्टला तिकीट टाकून महिनाभर अडलेली गोष्ट तिथे अर्ध्या तासात सुटू शकते. सॉफ्टवेअर घ्यायचंच असेल तर मात्र हे संमेलन टाळा, कारण प्रतिस्पर्ध्याचा स्टॉल तिथे नसतो आणि तुलना होत नाही.

गार्टनरच्या समिटमध्ये भाषणांपेक्षा विश्लेषकांसोबतच्या समोरासमोरच्या भेटी जास्त कामाच्या. त्यांची वेळ आधी राखून ठेवावी लागते आणि जागा लवकर भरतात. पास हातात आला की त्याच दिवशी भेट ठरवा. भाषणांचा रोख वरिष्ठांकडे असतो, त्यामुळे मटेरियल कोड कसे नीट करायचे याचं उत्तर व्यासपीठावरून मिळेल अशी आशा धरू नका.

डीजीआयक्यूमध्ये प्रत्यक्ष काम करणारे लोक जास्त असतात आणि तिथल्या कार्यशाळा खरोखर शिकवणाऱ्या आहेत. पण त्यासाठी बी-1 (कामानिमित्त भेटीचा) व्हिसा हवा आणि मुलाखतीची तारीख मिळायला महिने जाऊ शकतात. पहिल्याच खेपेला एवढा घाट घालू नये. मुंबईला जा. उरलेल्या पैशांतून आपल्याच मटेरियल मास्टरची तपासणी करून घ्या. आपल्याकडे किती कोड दुबार आहेत हा आकडा माहीत नसलेल्या माणसाला परिषदेत कोणीही काहीही विकू शकतं.

स्टॉलवरचे डेमो सगळेच देखणे असतात. दोन नोंदी एका क्लिकवर जुळतात आणि गोल्डन रेकॉर्ड, म्हणजे दुबार नोंदींतून बनलेली एकच खात्रीची नोंद, तयार होतो. खरं काय ते कसं ओळखायचं? (एक वाचक, नाशिक)

डेमोतला डेटा विक्रेत्याचा असतो, म्हणून तो जुळतोच. तुम्ही स्वतःचा डेटा न्या. दोनशे ओळी पुरेत. त्यात साधारण चाळीस जोड्या अशा ठेवा, ज्या दुबार आहेत हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. दहा जोड्या फसव्या ठेवा, म्हणजे दिसायला सारख्या पण प्रत्यक्षात वेगळ्या. उत्तरं वेगळ्या कागदावर लिहा आणि तो कागद खिशातच राहू द्या.

खरी परीक्षा फसव्या जोड्यांत होते. सुरेश विठ्ठल पाटील आणि संजय विठ्ठल पाटील हे दोघे भाऊ, पत्ता एक, मोबाइल एक, आणि जुन्या नोंदीत दोघेही ‘एस. व्ही. पाटील’. यांना एकत्र करणारं सॉफ्टवेअर एकाची थकबाकी दुसऱ्याच्या नावावर टाकणार. मटेरियलमध्ये बेअरिंग 6205-2आरएस आणि 6205-झेडझेड ठेवून बघा. दोन्ही 25 बाय 52 बाय 15 मिलिमीटरचे आणि वर्णनात दोन-तीन अक्षरांचाच फरक. पण एकाला दोन्ही बाजूंनी रबरी सील असतं, तर दुसऱ्याला पत्र्याचं शील्ड. मजकुराच्या साम्यावर चालणारी जुळवणी यांना बिनधास्त एक करते, आणि धुळीत चालणाऱ्या यंत्राला झेडझेड बसतं.

उलटी चूकही तपासा. नावांच्या उच्चारावर जुळवणी करण्यासाठी साउंडेक्ससारखी जुनी पद्धत वापरली जात असेल तर पहिलं अक्षर जसंच्या तसं राहतं. मग वाघमारे हे नाव डब्ल्यूने लिहिलं तर डब्ल्यू256 आणि व्हीने लिहिलं तर व्ही256. माणूस तोच, पण जोडी लागत नाही. गोव्यात ‘कामत’ आणि जुन्या पोर्तुगीज वळणाचं ‘कामोतिम’ यांचं तेच होतं, कारण एक केने सुरू होतं आणि दुसरं सीने. भारतीय नावांसाठी वेगळे नियम आहेत का, आणि ते तुम्हाला स्वतः बदलता येतात का, हे तिथेच विचारा. ‘आमचं एआय बघून घेतं’ एवढंच उत्तर आलं तर पुढच्या स्टॉलकडे वळा.

व्हेंडर मास्टरसाठी जीएसटी क्रमांकाची जोडी हवीच. महाराष्ट्रातला क्रमांक 27 ने सुरू होतो, गोव्यातला 30 ने, आणि त्यापुढची दहा अक्षरं पॅनची. एकच पॅन असलेले हे दोन पुरवठादार कायद्याने एकच संस्था आहेत. सॉफ्टवेअरने त्यांना एका पालक नोंदीखाली बांधावं, पण दोन्ही नोंदी शाबूत ठेवाव्यात. दोन्हींची एकच नोंद केली तर खरेदी एका राज्यातली आणि बिलावरचा क्रमांक दुसऱ्या राज्यातला असा घोळ होतो आणि इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) अडकतं. तसंच, मालकी दुकानाचा पॅन मालकाचाच असतो (चौथं अक्षर पी). एका मालकाची दोन वेगळ्या नावांची दुकानं असली तर सॉफ्टवेअर काय करतं तेही पाहा.

खरे पॅन पेन ड्राइव्हवर घेऊन फिरू नका. आकडे बदला, पण जीएसटी क्रमांकाचं पंधरावं अक्षर तपासणीचं असतं हे विसरू नका. मधलं काहीही बदललं की ते चुकतं, आणि सॉफ्टवेअर जुळवणीआधीच सगळ्या ओळी बाद करतं. एकतर पंधरावं अक्षर नव्याने काढा, नाहीतर डेमोपुरती ती तपासणी बंद करायला सांगा.

शेवटी दोन गोष्टी करून दाखवायला लावा. चुकून एकत्र केलेल्या नोंदी पुन्हा वेगळ्या करा म्हणावं, त्याही एकत्र केल्यानंतर एखादा पत्ता बदलून. डेमो हमखास इथे अडखळतो. आणि माणसाने तपासायच्या रांगेत किती जोड्या पडल्या ते मोजा. पूर्ण डेटावर अशा पाच हजार जोड्या आल्या आणि एकीला तीन मिनिटं लागली, तर अडीचशे तास होतात. रोज सहा तास देणाऱ्या एका माणसाचे हे बेचाळीस दिवस. तो माणूस तुमच्याकडे आहे का?

दुसऱ्या कंपन्यांच्या यशोगाथा ऐकून आपल्या कामाचं काही हाती लागत नाही. प्रश्नोत्तरांत काय विचारावं? (एक वाचक, ठाणे)

दुबार नोंद नेमकी कशी मोजली? खरेदी आणि वित्त विभागात वाद झाला तर शेवटचा शब्द कोणाचा? प्रकल्पाची टीम गेल्यावर सहा महिन्यांनी नवा दुबार कोड उघडणं थांबलं का? तिसऱ्याचं उत्तर टाळलं गेलं तर साफसफाई एकदाच झाली आणि दरवाजा उघडाच राहिला, असं समजा. व्यासपीठावर सर्वांसमोर हे विचारलं तर गुळमुळीत उत्तर मिळतं, म्हणून चहाच्या वेळी गाठा.

प्रत्येक स्टॉलवर बिल्ला स्कॅन करतात आणि मग वर्षभर फोन येत राहतात. डेटा गव्हर्नन्सच्याच परिषदेत हे चालतं कसं? (एक वाचक, मडगाव)

चालतं खरं, आणि गंमत तुमच्या लक्षात आलीच आहे. नोंदणी अर्जातला ‘प्रायोजकांना माहिती द्यावी’ हा चौकोन रिकामा ठेवा. स्कॅनला नाही म्हणता येतं, माहितीपत्रक तरीही मिळतं. नोंदणीसाठी वेगळा ईमेल वापरा आणि मोबाइलची सक्ती नसेल तर तो देऊच नका.

कायद्याचं म्हणाल तर वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 मध्ये झाला, नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले, आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. म्हणून विक्रेत्याला विचारायचा एक प्रश्न : ग्राहकाने माहिती पुसायला सांगितली तर गोल्डन रेकॉर्डसोबत मूळ प्रणालींतल्या प्रतींचं काय होतं? आणि कर कायद्यामुळे ठेवणं भाग असलेली बिलं त्यातून वगळता येतात का?

मी नोकरीच्या शोधात आहे, पास परवडत नाही. परिषदेशिवाय या क्षेत्रात शिरता येईल का? (एक वाचक, कोल्हापूर)

येईल. डामा या डेटा व्यवस्थापन व्यावसायिकांच्या संस्थेची सीडीएमपी ही प्रमाणपत्र परीक्षा द्या. मूलभूत परीक्षेत 100 प्रश्न आणि 90 मिनिटं असतात, डामाचं संदर्भपुस्तक उघडून लिहिता येतं. 60 टक्क्यांना असोसिएट. प्रॅक्टिशनर आणि मास्टर या वरच्या पातळ्यांना याच परीक्षेत अनुक्रमे 70 आणि 80 टक्के लागतात, शिवाय विशेष विषयांच्या आणखी दोन परीक्षा. पुस्तक उघडं असल्याचा भरवसा मात्र धरू नका. प्रश्नामागे एक मिनिटही मिळत नाही, शोधत बसलात तर वेळ संपेल. कोणत्या प्रकरणात काय आहे हे पाठ हवं.

परत आल्यावर साहेबांना अहवाल हवा असतो. मागच्या वेळी तीस पानं लिहिली, कोणी वाचली नाहीत. (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

एक पान लिहा आणि आठवड्याच्या आत द्या. कोणत्या स्टॉलने तुमच्या दोनशे ओळींपैकी किती जोड्या बरोबर ओळखल्या आणि फसव्यांपैकी किती चुकीच्या जोडल्या, याचा छोटा तक्ता वर. त्याखाली परवाना किती नोंदींवर किंवा किती वापरकर्त्यांवर आकारतात ते. कंपनीची मालकी बदलली आहे का, हेही लिहा. 2025 मध्ये सेल्सफोर्सने इन्फर्मॅटिका विकत घेतली, आणि अशा वेळी कोणतं उत्पादन पुढे चालू राहणार हे लेखी मागवणं बरं. भाषणांचा सारांश नको. फोटो तर नकोच.