गाडीचं दुखणं : पर्ज व्हॉल्व्ह नवा, दिवा तोच

प्रश्न : ताई, आमची पेट्रोलची हॅचबॅक आहे. द्राक्षाच्या हंगामात ती बराच काळ मळ्यातल्या शेडमध्ये उभी होती. बाहेर काढल्यावर चेक इंजिनचा दिवा लागला. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला तर पी०४४४ कोड आला. ‘पर्ज व्हॉल्व्ह गेलाय’ म्हणून त्यांनी नवा बसवला. दुसऱ्या दिवशी पिंपळगावला पोचेपर्यंत दिवा पुन्हा हजर! नवा व्हॉल्व्हसुद्धा खराब निघाला का?
— एक वाचक, निफाड

उत्तर : नवा व्हॉल्व्ह खराब निघू शकतो, पण पैज लावायची झाली तर मी वायरीवर लावेन. त्यातून गाडी मळ्यातल्या शेडमध्ये उभी होती म्हणता, म्हणजे आधी उंदरांवर संशय.

टाकीतली पेट्रोलची वाफ हवेत जाऊ नये म्हणून ती कोळशाच्या डब्यात, कॅनिस्टरमध्ये, अडवून ठेवलेली असते. इंजिन गरम झालं की ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, पर्ज व्हॉल्व्ह उघडतो आणि ती वाफ इंजिनाच्या ओढीने मॅनिफोल्डमधून, म्हणजे हवा आत नेणाऱ्या नळीतून, इंजिनात जाऊन जळते. या व्हॉल्व्हला वायरी दोनच. चावी फिरवली की एकीवर फ्यूज आणि रिलेमार्गे बॅटरीचे व्होल्ट येतात. दुसरी ईसीएमकडे जाते. ईसीएम तिला भराभर अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हशी जोड) देतो आणि काढतो, त्यावर व्हॉल्व्ह किती उघडायचा ते ठरतं. त्यामुळे या दुसऱ्या वायरीवर कायमचा अर्थ शोधत बसू नका, तो नसतोच.

आता ईसीएमला व्हॉल्व्ह काही दिसत नाही. त्याला दिसतात स्वतःच्या पिनवरचे व्होल्ट. व्हॉल्व्ह बंद असताना त्याच्या आतल्या कॉइलमधून फिरून बॅटरीचे व्होल्ट त्या पिनवर यायला हवेत. ते आले नाहीत की सर्किट तुटलंय असं धरून तो ०४४४ लिहून ठेवतो. कॉइल जळू दे, कपलर (वायरींची खटक्याची जोडणी) सुटू दे, फ्यूज उडू दे, वायर कुरतडली जाऊ दे, कोड तोच. स्कॅनरने रस्ता सांगितला, घर नाही. तरी गॅरेजवाले पहिल्याच दारावर थाप मारतात, कारण व्हॉल्व्ह बदलायला दहा मिनिटं लागतात आणि वायर शोधायला अर्धा दिवस.

पी०४४३, ०४४४, ०४४५, ०४५८ आणि ०४५९ हे कोड पर्ज सर्किटच्या विजेच्या तक्रारीचे. पी०४४१ किंवा पी०४५५ असता तर मी आधी नळ्या आणि टाकीचं झाकण बघायला सांगितलं असतं. तुमच्या बाबतीत झाकण बदलून उपयोग नाही.

कपलर काढा, चावी ऑन करा आणि दोन पिनांपैकी एकीवर बॅटरीइतके व्होल्ट येतात का ते बघा. आलेच नाहीत तर फ्यूज आणि रिले. हा फ्यूज बऱ्याच गाड्यांत एकट्या व्हॉल्व्हचा नसतो, म्हणून इतर कोडही सोबत आलेत का ते स्कॅनरवर पाहून घ्या. सप्लाय ठीक असेल तर व्हॉल्व्हच्या दोन टोकांवर ओहम मोजा. बहुतेक छोट्या गाड्यांत २० ते ३५ ओहमच्या आसपास येतात, नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये मिळेल. मीटरवर ओहमचा आकडाच येत नसेल (ओएल दाखवत असेल) तर कॉइल तुटली. दोन-तीन ओहम दाखवत असेल तर ती आतून शॉर्ट आहे. असा व्हॉल्व्ह गाडीला परत लावू नका, ईसीएममधलं व्हॉल्व्ह चालवणारं सर्किट जळेल.

तुमच्या नव्या व्हॉल्व्हचे ओहम बरोबर येतील असं मला वाटतं. मग राहिली ईसीएमकडे जाणारी वायर. बॅटरीचा निगेटिव्ह काढा, ईसीएमचा कपलर सोडवा आणि वायरीच्या दोन टोकांमध्ये कंटिन्युइटी, म्हणजे वायर अखंड आहे का, ते मीटरने बघा. एक ओहमच्या आत यायला हवं. त्याच वेळी ही वायर आणि बॉडी यांच्यातही मोजा, तिथे कंटिन्युइटी येता कामा नये. मोजताना दुसऱ्या माणसाला हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, हलवत राहायला सांगा. एअर फिल्टरच्या मागे आणि हार्नेस जिथे क्लिपने बॉडीला धरलेला असतो तिथे नीट बघा, टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन. चिंध्या, गवत, लेंड्या दिसल्या तर समजा सापडलं.

दोन गोष्टी मात्र करू नका. ईसीएमच्या कपलरमध्ये मीटरची जाड सुई खुपसू नका, आतली पिन फाकते आणि नवीनच आजार सुरू होतो. आणि तुटलेली वायर पीळ देऊन काळ्या टेपने गुंडाळू नका. इंजिनाच्या उष्णतेने टेपचा गोंद सुटतो. सोल्डर करा, वर हीट श्रिंक नळी चढवा.

प्रश्न : मी आयटीआयला मोटर मेकॅनिकचा कोर्स करतोय. एका गाडीत पर्ज व्हॉल्व्हच्या कपलरवर मीटर १२ व्होल्ट दाखवतो, पण व्हॉल्व्ह जोडून ॲक्टिव्ह टेस्ट (स्कॅनरवरून व्हॉल्व्ह चालवायचा हुकूम) दिली तर टकटक होत नाही. तोच व्हॉल्व्ह बॅटरीवर थेट लावला तर टकटकतो. सर म्हणतात ईसीएम गेला. खरंच?
— एक विद्यार्थी, सातपूर

उत्तर : थांब. ईसीएमला दोष द्यायची वेळ अजून आली नाही. सरांना सांग, आधी भार टाकून मोजू.

तुझ्या डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध साधारण १० मेगाओहम असतो, म्हणजे तो वायरीतून जवळपास काहीच करंट ओढत नाही. समज, वाटेतल्या जॉइंटला गंज चढून २० ओहम रोध आलाय. करंट नाही म्हणजे त्या गंजावर व्होल्ट पडत नाहीत आणि मीटर ऐटीत १२ दाखवतो. आता २६ ओहमचा व्हॉल्व्ह जोड. एकूण ४६ ओहम झाले, व्हॉल्व्हच्या वाट्याला जेमतेम ६.८ व्होल्ट आले. तेवढ्यात बहुतेक व्हॉल्व्हमधली सुई उचलतच नाही.

म्हणून टेस्ट लॅम्प वापर. १२ व्होल्टचा ५ वॉटचा बल्ब सुमारे ०.४ अँपिअर घेतो, जवळपास व्हॉल्व्हइतकाच. कपलरच्या सप्लाय पिनवरून तो चांगल्या अर्थवर लाव. लखलखीत लागला तर सप्लाय ठीक, पिवळट मिणमिणला तर जॉइंट शोध. मग तोच बल्ब कपलरच्या दोन पिनांमध्ये लावून स्कॅनरवरून ॲक्टिव्ह टेस्ट दे. बल्ब लुकलुकला तर ईसीएम काम करतोय. सप्लाय लखलखीत आणि तरी बल्ब मेलेलाच, तर कंट्रोल वायर, म्हणजे ईसीएमकडे जाणारी वायर, बघ. ती साफ निघाली तरच ईसीएमचं नाव काढायचं.

हेडलॅम्पचा ५५ वॉटचा बल्ब चुकूनही लावू नकोस. तो साडेचार अँपिअर ओढतो, आणि तेव्हा मात्र सरांचं म्हणणं खरं ठरेल.

प्रश्न : पावसाळ्यात कसारा घाट उतरताना दिवा लागतो, मुंबईत दोन दिवस ऊन पडलं की जातो. गॅरेजमध्ये नेली की सगळं ठणठणीत. कोड पी०४४३.
— एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : दिवा लागलेला असताना कोड पुसून टाकू नका, ही पहिली विनंती. कोडसोबत फ्रीझ फ्रेम साठलेली असते : त्या क्षणी इंजिनाचं तापमान, गाडीचा वेग, आरपीएम. कोड पुसला की तीही जाते, आणि गॅरेजवाल्याच्या हातात काही उरत नाही.

पावसातच होतंय म्हणजे कपलरमध्ये पाणी जातंय. कपलरच्या आतला रबरी सील जागेवर आहे का बघा, कुणीतरी घाईत काढताना तो पाडलेला असतो. पिनांवर हिरवट थर असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा. पूर्वी कुणी टेस्ट करताना वायरीला सुई टोचली असेल तर त्या भोकातूनही पाणी शिरून तांबं आतल्या आत कुजतं, वरचं प्लॅस्टिक मात्र नव्यासारखं. तो भाग बोटांनी दाबत जा, मऊ किंवा फुगीर लागला तर तेवढा तुकडा कापून नवा जोडा. आणि वॉशिंग सेंटरवर इंजिनवर प्रेशरने पाणी मारू देऊ नका.

प्रश्न : पेट्रोल भरल्यावर लगेच गाडी सुरू होत नाही, रेस द्यावी लागते. दिवा लागत नाही. हाही वायरिंगचाच दोष का?
— एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : बहुधा नाही. पर्ज व्हॉल्व्ह उघडाच अडकला असेल. तो काढून नळीने फुंका. वीज नसताना हवा पलीकडे जाता कामा नये. गेली तर बदला. आणि पंपावर नोझल कट झाल्यावर ‘राउंड फिगर करा’ म्हणणं बंद करा. जास्तीचं पेट्रोल कॅनिस्टरमध्ये जातं, कोळसा भिजतो.

प्रश्न : गाडी सीएनजीवरच चालते. पर्ज व्हॉल्व्हचा कपलर काढून ठेवला तर चालेल का? दिवा तसाही लागलेलाच असतो.
— एक वाचक, सिडको

उत्तर : नाही. टाकीत पेट्रोल आहे तोवर वाफ होणारच, ती कॅनिस्टरमध्ये साठत राहील. शिवाय दिवा कायम लागलेला असला की उद्या मिसफायर किंवा ऑक्सिजन सेन्सरचा कोड आला तरी तुम्हाला कळणार नाही. किट बाहेरून बसवलं असेल तर त्याला १२ व्होल्ट कुठून दिलेत ते आधी बघा. काही जण इंजिनाच्या हार्नेसमधली हाताला लागेल ती वायर सोलून त्यातून उचलतात. तो जोड पर्ज व्हॉल्व्हच्याच सप्लायवर असेल तर किटची वायर तिथून सोडवून स्वतंत्र फ्यूजवर घ्या, जोड पक्का करा आणि मग कोड पुसून गाडी चालवून बघा.