कॉलेज खरे तर यंदाच सुरू झाले

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावची. अकरावी-बारावीला कॉलेजात फक्त प्रात्यक्षिकांपुरती जात असे, अभ्यास सगळा क्लासमध्येच झाला. बारावीला ८५ टक्के मिळाल्यावर पुण्यात बीएस्सीला प्रवेश घेतला. अंतर्गत परीक्षेत भौतिकशास्त्रात २० पैकी ६ गुण पडले. इंग्रजीतून शिकवलेले निम्मे डोक्यावरून जाते आणि तासाला आलो की नाही हेही कोणी विचारत नाही. गावी परतून तिथल्याच महाविद्यालयात नाव घालावे का?

उत्तर : क्लासचा उल्लेख तू ओझरता केला आहेस, पण अडचणीचे मूळ मला तिथेच दिसते. विज्ञान शाखेच्या कित्येक मुलांची ती दोन वर्षे अशीच जातात : छापील नोट्स हातात मिळतात, गैरहजर राहिल्यास घरी फोन जातो आणि सीईटी किंवा नीटसाठी चार पर्यायांतून अचूक पर्याय हुडकण्याचाच सराव होतो. सिद्धता टप्प्याटप्प्याने लिहिण्याची सवय त्यात सुटते, आणि तुझे गुण गेले ते बहुधा तिथेच. इंग्रजीचेही तसेच, पुस्तके बारावीलाही इंग्रजीच होती, फक्त क्लासमधले सर ती मराठीतून उलगडून सांगत.

तपासलेली उत्तरपत्रिका घेऊन प्राध्यापकांना त्यांच्या विभागात जाऊन भेट. ते होऊन बोलावणार नाहीत. पण शंका घेऊन येणारा विद्यार्थी बहुतेकांना आवडतो, आणि मराठीतून विचारलेस तर उत्तरही बहुधा मराठीतूनच मिळेल. हे लवकर कर, कारण एका क्रेडिटला साधारण १५ तासांचे अध्यापन असते, म्हणजे दोन क्रेडिटचा लेखी विषय अवघ्या ३० तासांत आटोपतो आणि बारावीसारखी सावकाश उजळणी कोणी करून घेत नाही.

जर्नलच्या बाबतीत मात्र हयगय नको. प्रयोग झाला त्याच आठवड्यात निरीक्षणे, आकडेमोड व आलेख पुरे करून सही घे. सबमिशनच्या आदल्या रात्री मैत्रिणीची जर्नल पुढ्यात ठेवून सारे प्रयोग उतरवून काढणाऱ्यांची वसतिगृहात जत्राच भरते, आणि तोंडी परीक्षेत ‘आलेखाचा चढ कशासाठी काढला?’ एवढे विचारले तरी त्यांची बोबडी वळते.

परतण्याचा निर्णय पहिल्या सत्राचा निकाल लागेपर्यंत लांबणीवर टाक. एखादा विषय राहिलाच तर एटीकेटीची सोय आहे. गावचे महाविद्यालय कमी प्रतीचे असते असे मी मुळीच म्हणत नाही. पण सत्रपद्धती तिथेही आहे, तेव्हा अभ्यासाची ही अडचण तिथेही सुटणार नाही. घरच्या आठवणीने जीव रमत नसेल तर गोष्ट वेगळी. ती आई-वडिलांशी मोकळेपणाने बोल, मात्र त्या सहा गुणांचे त्यांना आधी सांग.