रिपोर्ट नॉर्मल, मिस्टर मात्र पहिल्यासारखे नाहीत

प्रश्न : ताई नमस्कार. माझ्या मिस्टरांचा (वय ४१) मागच्या पावसाळ्यात बाईकवरून अपघात झाला, कुत्रं आडवं आलं आणि हेल्मेट घरी खुंटीला. डोक्यात रक्तस्राव झाला, कवटीचं हाड काढून पोटात ठेवलं होतं ते नंतर परत बसवलं. आता चालतात, बोलतात, सीटी नॉर्मल आहे, डॉक्टर म्हणाले छान रिकव्हरी. पण माणूसच बदललाय हो. सकाळी उठून सोफ्यावर बसले की बसले, आंघोळीला जा म्हटलं की हो म्हणतात आणि बसूनच राहतात, तिसऱ्यांदा सांगितलं की अंगावर धावून येतात. पूर्वी कधी आवाज चढवून बोलले नव्हते. परवा गॅसवर भाजी करपून कोळसा झाली, हे दोन हातांवर बसलेले, ढिम्म. सासूबाई म्हणतात बाहेरचं काहीतरी आहे, दीर म्हणतात आराम अंगवळणी पडलाय. पाटबंधारे खात्यात क्लार्क आहेत, ऑफिसमधून सारखे फोन येतात कधी जॉइन होणार म्हणून. पूर्वीसारखे होतील का?
— एक वाचक, कराड

उत्तर : ताई, सगळ्यात आधी त्या भाजीबद्दल. तुम्ही ती ढिम्मपणाची खूण म्हणून लिहिलीय, पण मला वाटतं त्यांना वासच येत नसावा. वासाचे तंतू नाकाच्या छतातल्या हाडाच्या बारीक भोकांतून मेंदूकडे जातात, डोकं आपटलं की ते तुटतात, आणि पेशंट स्वतःहून हे सांगत नाही, जेवण बेचव झालंय एवढंच म्हणतो. आज डोळे मिटायला सांगून हिंग, कॉफी, लसूण नाकाशी धरून बघा. ओळखता आलं नाही तर घरात गॅस लीकचा अलार्म बसवा, रेग्युलेटर रोज रात्री बंद, आणि शिळं अन्न खाण्याआधी दुसऱ्या कुणीतरी हुंगायचं. हे आधी करा, बाकीचं सावकाश वाचा.

आता मूळ प्रश्न. सीटी नॉर्मल म्हणजे नवीन रक्तस्राव नाही, सूज नाही, हाड जागेवर आहे, इतकंच. डोकं जोरात हिसकलं गेलं की मेंदूतले सूक्ष्म तंतू ताणले जातात, तुटतात, ते सीटीत बऱ्याचदा दिसतच नाहीत. आणि कपाळामागच्या भागाला मार लागला तर माणसाला काय करायचं ते कळतं, पण सुरुवात करता येत नाही. म्हणून ते ‘हो’ म्हणतात ना, ते खरंच हो असतं. आंघोळ कशी करायची माहितीय, आंघोळ करायची आहे हेही माहितीय, पण सोफ्यावरून उठायचा पहिला झटका आतून येत नाही. दीरांना हा परिच्छेद वाचायला द्या.

तर तो झटका बाहेरून द्यायचा. बोलून कमी, सोय करून जास्त. ‘अहो आंघोळीला जा’ ऐवजी टॉवेल हातात द्या आणि ‘चला, पाणी काढलंय’ म्हणा. भिंतीवर पांढरा बोर्ड लावा, त्यावर दिवसाची पाचच कामं, वेळेसकट, झालं की त्यांनीच फुली मारायची. मोबाईलवर प्रत्येक कामाचा अलार्म, आणि अलार्मला नाव द्या, ‘गोळी’, ‘चालायला जाणे’, नुसता वाजला तर ते बंद करतील आणि कशाला वाजला ते विसरतील. चावी, पाकीट, चष्मा एकाच डब्यात. क्रम रोज तोच. मुलांना कंटाळवाणं वाटेल, वाटू दे.

रागाचं म्हणाल तर कधी येतो ते आठवडाभर लिहून काढा. माझा अंदाज, संध्याकाळी, टीव्ही चालू, मुलं भांडतायत, तुमच्या शिकवण्या वगैरे असतील तर त्या पोरांचा गलका, अशा वेळी. मार लागलेला मेंदू लवकर थकतो, आणि एकदम चार आवाज आले की त्याला गाळता येत नाहीत. दुपारी जेवणानंतर अंधाऱ्या खोलीत पडू द्या. भडकले की वाद घालू नका, तुम्ही आणि मुलं दुसऱ्या खोलीत जा, थोड्या वेळाने विषय बदलून परत या. हात उगारण्यापर्यंत गेलं तर ते सहन करायचं दुखणं नाही, डॉक्टरांना त्याच आठवड्यात सांगा. दोन गोष्टी विचाराच : फिटची गोळी लेव्हेटिरासिटॅम चालू आहे का, कारण तिने काही जणांची चिडचिड वाढते (मनाने बंद करू नका, फिट येऊ शकते), आणि रक्तातली थायरॉइड, कॉर्टिसॉल ही हार्मोन्स तपासलीयत का, डोक्याच्या मारानंतर ती ताब्यात ठेवणारी मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी मंद पडली तरी माणूस असा गळून बसतो.

या विषयावरच्या लेखांत फिनियस गेज हटकून येतो. १८४८ साली अमेरिकेत व्हरमाँटमध्ये रेल्वेच्या कामावर त्याच्या गालातून घुसून डोक्यातून लोखंडी पहार आरपार गेली, जगला, पण मित्र म्हणाले हा आमचा गेज नाही. गोष्ट इथेच संपवायची पद्धत आहे, मला ते पटत नाही, कारण पुढे तो चिलीला गेला आणि काही वर्षं घोड्यांची प्रवासी गाडी चालवायचं काम करत होता. घोडे जुंपायचे, ठरलेल्या रस्त्याने न्यायचे, पॅसेंजरशी बरं बोलायचं, रोज तेच. काही अभ्यासकांचं म्हणणं असं की त्या ठरीव कामानेच तो बराचसा सावरला. तुमच्या बोर्डावरच्या पाच कामांमागे माझा विचार तोच आहे.

पूर्वीसारखे होतील का? सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत भराभर होते, मग वेग कमी होतो, पण दोन वर्षं आणि त्यानंतरही होत राहते. अगदी तस्सेच होतील असं लिहून तुम्हाला खोटी आशा लावणार नाही. काम करणारे, मुलांचा अभ्यास घेणारे, तुमच्याशी भांडून नंतर सॉरी म्हणणारे होऊ शकतात.

नोकरी : घाबरून राजीनामा देऊ नका, कुणी कितीही गोड बोललं तरी. अपंग व्यक्ती हक्क कायदा २०१६, कलम २०(४) प्रमाणे सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढून टाकता येत नाही, पद खाली आणता येत नाही, आहे ते काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसऱ्या पदावर घ्यावं लागतं. त्यासाठी कागद लागतील. सिव्हिल हॉस्पिटलमधून अपंगत्वाचं सर्टिफिकेट, यूडीआयडी कार्ड (अपंगांचं सरकारी ओळखपत्र), आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडून स्मृती-एकाग्रतेची सविस्तर तपासणी, ही महत्त्वाची कारण बाहेरून बघणाऱ्याला ते धडधाकट दिसतात. मुंबईला जाणं जमलं तर हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, मेंदू-मनाच्या आजारांसाठी बेंगळुरूचं निम्हान्स हॉस्पिटलही आहेच. जॉइन होताना एकदम पूर्ण दिवस नको, अर्धा दिवस मागून बघा, आवक-जावक किंवा फाईलिंगसारखं एका वेळी एकच काम.

प्रश्न : बाबा (वय ६३) आंबे काढताना झाडावरून पडले, मेंदूच्या डाव्या बाजूला मार. बोलणं गेलंय, पाणी हवं तर नुसतं ‘ते ते’ करतात. पण गुरुवारी शेजारी भजन लागलं तर हे अख्खा अभंग म्हणाले, सुरात! आई म्हणते मुद्दाम करतात. असं असतं का?
— रत्नागिरी

उत्तर : असतं, आणि मुद्दाम अजिबात नाही. याला वाचाघात म्हणतात. शब्द शोधून वाक्य जुळवायचं काम बहुतेकांच्या डाव्या मेंदूत चालतं, पाठ झालेलं गाणं, आरती, वार, अंक मात्र बऱ्याचदा शाबूत राहतात, गाण्यात उजव्या बाजूचाही हात असतो. अमेरिकेच्या तेव्हाच्या खासदार गॅबी गिफर्ड्स यांना २०११ मध्ये डोक्यात गोळी लागली, वाचा गेली, त्यांच्या उपचारातही गाणं होतं. स्पीच थेरपी लगेच सुरू करा, वांद्र्याची अली यावर जंग संस्था याच कामाची आहे. घरी ‘पाणी हवं’, ‘लघवीला जायचंय’ असे दोनतीन शब्दांचे तुकडे चालीवर, त्यांच्या हातावर ताल धरून, रोज म्हणून घ्या. आईंना सांगा मोठ्याने ओरडू नका, कान चांगले आहेत. शब्द अडकला की लगेच तोंडात घालायचा नाही, थांबायचं. तोवर मोबाईलमध्ये तांब्या, चहा, बाथरूम, नातवंडं यांचे फोटो ठेवा, बोट दाखवतील. आणि बोलायचं ते घरच्याच बोलीत, शुद्ध मराठी आत्ता नको.

प्रश्न : भावाच्या डोक्याला अपघातात मार लागला, त्याला पाच महिने झाले. परत बाईक मागतोय. आणि मित्रांबरोबर ‘एखादी बिअर’. चालेल?
— नाशिक

उत्तर : बिअर नाही. फिटचा धोका वाढतो, गोळ्यांवर परिणाम होतो, आणि तोल आधीच डळमळीत असेल तर पुन्हा पडून डोक्यालाच लागणार. निदान डॉक्टर हो म्हणेपर्यंत तरी नाही.

बाईक न्यूरोसर्जनला विचारल्याशिवाय नको. फिट आली होती का, दोन्ही बाजूंचं नीट दिसतं का (डोळा चांगला असून एका बाजूचं दिसत नाही असंही होतं), अचानक ब्रेक मारायला वेळ लागतो का, हे तपासून घ्या. डॉक्टरांनी हिरवा कंदील दिला की आधी रिकाम्या ग्राउंडवर, मागे तुम्ही बसून. आणि अपघाताच्या वेळी घातलेलं हेल्मेट असेल तर ते टाकून द्या, वरून ओरखडासुद्धा नसला तरी आतलं थर्माकोल एकदा दबलं की दुसऱ्यांदा मार झेलत नाही. नवीन घ्या, आयएसआय मार्क बघून, आणि पट्टा लावायला लावा.