तुरटीचे पाच डोस: टुकीच्या दहा जोड्या की ट्रेंड?

प्रश्न थोडक्यात असा: ठाण्याच्या उपवन तलावाचं पावसाळी पाणी, जार टेस्ट (जारांतल्या पाण्यात तुरटी ढवळून ते निवळवण्याची चाचणी), तुरटीचे डोस 10, 20, 30, 40, 50 मिलिग्रॅम प्रति लिटर, प्रत्येकी चार जार. निवळल्यावर राहिलेल्या गढूळपणाच्या सरासरी अनुक्रमे 16, 12, 7, 8, 10 एनटीयू (गढूळपणाचं एकक). अनोव्हाचा (सगळ्या सरासरींची एकत्र तुलना) एफ 12.8, एररचा (एकाच डोसच्या जारांमधल्या फरकाचा) मीन स्क्वेअर 4, डीएफ (स्वातंत्र्य-अंश) 15. टुकीत (दर दोन डोसांची जोडीने तुलना) दहापैकी चारच जोड्या सार्थ (निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही अशा) निघाल्या, आणि गाईड म्हणतात ट्रेंड काढा.

गाईडचं बरोबर आहे. डोस ही चढती शिडी आहे आणि टुकीला शिडी दिसत नाही. पाच डोसांच्या जागी पाच दुकानांतली तुरटी असती, तरी त्याच सरासरींवर त्याने हेच उत्तर दिलं असतं. तुम्हाला विचारायचंय ते वेगळंच: डोस वाढवला की गढूळपणा कमी होतो का, आणि ही उतरण पुढे वळते का? वळण अपेक्षितच आहे. तुरटी जास्त झाली की कणांवरचा विद्युतभार उलटतो आणि ते पुन्हा एकमेकांपासून लांब राहतात. हे प्रयोगाआधीच माहीत असल्यामुळे वक्रतेची चाचणी ‘नियोजित’ ठरते.

समान अंतराच्या पाच पातळ्यांचे सहगुणक कोष्टकात तयार मिळतात. सरळ रेषेसाठी −2, −1, 0, 1, 2 आणि वक्रतेसाठी 2, −1, −2, −1, 2. दोन्हींची बेरीज शून्य; ती शून्य नसेल तर तो कॉन्ट्रास्टच (सहगुणकांनी मांडलेली सरासरींची तुलना) नव्हे. आता वक्रतेचं गणित, प्रत्येक सरासरी गुणिले तिचा सहगुणक: 32 − 12 − 14 − 8 + 20 = 18. याचा वर्ग 324. त्याला दर डोसच्या जारांनी, म्हणजे 4 ने गुणा आणि सहगुणकांच्या वर्गांच्या बेरजेने, म्हणजे 14 ने भागा. 92.57 आले, ही झाली वर्गबेरीज. डीएफ 1, त्यामुळे मीन स्क्वेअरही तोच. एररच्या 4 ने भागल्यावर एफ 23.1. सरळ रेषेची बेरीज −16, वर्गबेरीज 102.4, एफ 25.6. 1 आणि 15 डीएफला 5 टक्क्यांची सीमा 4.54 आहे, म्हणजे दोन्ही ट्रेंड स्पष्ट आहेत.

डोसांची एकूण वर्गबेरीज 204.8. त्यातून हे दोन वजा केले की 9.83 उरतात, डीएफ 2, एफ 1.23. सीमा 3.68. म्हणजे रेषा आणि एक वळण मिळून चित्र पुरं झालं, घन-चतुर्थाच्या (आणखी वळणांच्या) फंदात पडू नका.

इथे बहुतेक जण घसरतात. वक्रता सार्थ आली म्हणून ‘30 नंतर गढूळपणा पुन्हा वाढतो’ असं लिहून टाकतात. वक्रता फक्त एवढंच सांगते की उतरणीचा वेग बदलतो. सपाट होत जाणाऱ्या उतरणीलाही ती सार्थ येते. वाढ तपासायची तर 30 विरुद्ध 40 आणि 50 ची सरासरी, सहगुणक 0, 0, 2, −1, −1. बेरीज −4, वर्गबेरीज 10.67, एफ 2.67. सीमेच्या खालीच. शिवाय 30 हा आकडा तुम्ही सरासरी बघून उचललाय, त्यामुळे हा कॉन्ट्रास्ट नियोजित नाहीच. त्याला शेफेची (डेटा बघून निवडलेल्या तुलनांसाठीची कडक) सीमा लागते: डोसांचे डीएफ 4 गुणिले 3.06 (4 आणि 15 डीएफची सीमा), म्हणजे 12.24. वाढीचा दावा या डेटावर टिकत नाही.

एक शंका हमखास येते: एकूण एफ सार्थ नसेल तर कॉन्ट्रास्ट करायचे का? नियोजित असतील तर खुशाल करा, त्या परवानगीची गरज नाही. एकमेकांत गुंतलेले तीन-चार असतील तर मात्र होमची दुरुस्ती (अनेक चाचण्या एकत्र केल्यावर निकष कडक करण्याची पद्धत) लावा.

तुमच्या टेबलात एररचे डीएफ 15 आहेत, ते मला खटकतं. जार टेस्टच्या यंत्रावर साधारण सहा पॅडल असतात. एका फेरीत पाचही डोस लावून अशा चार फेऱ्या केल्या असतील, तर फेरी हा ब्लॉक (एकत्र हाताळलेल्या जारांचा गट) आहे आणि एररला 12 डीएफ उरतात. कॉन्ट्रास्टच्या वर्गबेरजा त्याच राहतील, पण भागायचा मीन स्क्वेअर आणि सीमा (1 आणि 12 ला 4.75) बदलतील. आणि एकाच जारमधून चारदा रीडिंग घेतलं असेल तर ते चार जार नव्हेत. मग हा सगळा हिशोब पुन्हा मांडावा लागेल.

आर (संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर दोन खाचखळगे. डोसचा कॉलम नंबर म्हणून राहिला तर 1 डीएफची सरळ रेषा मिळते आणि वळण गायब. तो ऑर्डर्ड फॅक्टर (क्रम असलेले गट) करा. आणि कॉलम मजकूर म्हणून वाचला गेला, त्यात उद्या 5 चा डोस घातलात, तर तो 40 आणि 50 च्या मध्ये जाऊन बसतो. क्रम हाताने द्या. शिवाय 5 आला की अंतरं समान राहत नाहीत. वरचे सहगुणक चालणार नाहीत, खरे डोस स्कोअर म्हणून द्यावे लागतील. एखादा जार फुटून संख्या असमान झाली, तर दोन कॉन्ट्रास्टच्या वर्गबेरजा एकमेकींपासून सुट्या राहत नाहीत, मग उरलेलं वजाबाकीने काढू नका.

बसवलेल्या वक्राचा तळ साधारण 36 वर येतो, 30 वर नाही. पुढच्या फेरीत 30, 33, 36, 39, 42 लावा.