मुंबईतला फ्लॅट, प्रोबेटची भीती : बाबांकडून आत्ताच गिफ्ट डीड करून घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की बाबा ७८ वर्षांचे, गोरेगावचा फ्लॅट त्यांच्या एकट्याच्या नावावर, आई आहे, तुम्ही दोघं भाऊ, एक बहीण दुबईला, आणि कोणीतरी सांगितलं की मुंबईत विल केलं की प्रोबेट (म्हणजे विल खरं असल्याचा कोर्टाचा दाखला) लागतंच, त्यापेक्षा आत्ताच भावांच्या नावाने गिफ्ट डीड, म्हणजे बक्षीसपत्र, करून मोकळे व्हा. मी वकील नाही, पण माझ्या वडिलांच्या विलचं प्रोबेट मीच केलंय, सगळे हेलपाटे मारून झालेत.

आधी हे बघा, सांगणाऱ्याची माहिती जुनी आहे. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यात कलम २१३ होतं, त्यामुळे मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या तीन हायकोर्टांच्या मूळ हद्दीत, म्हणजे साधारण त्या शहरांपुरतं, हिंदू, जैन, शीख, बौद्ध, पारशी यांच्या विलला प्रोबेट घ्यावंच लागायचं. म्हणजे फ्लॅट दादरला असेल तर कोर्टात जा आणि पुण्यात असेल तर नको, असला प्रकार, इंग्रजांच्या वेळचा. ते कलम डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने काढूनच टाकलं. आता सक्ती नाही. सोसायटीचे सेक्रेटरी सवयीने मागतील, तेव्हा हा बदल त्यांना शांतपणे दाखवायचा.

पण सक्ती गेली म्हणजे भांडण गेलं असं नाही. कोणी म्हणालं की सही बाबांची नाहीच, किंवा दबाव टाकून घेतली, तर विल कोर्टात सिद्ध करावंच लागणार. त्यामुळे प्रोबेट टाळायचं म्हणजे खरं तर विल असं करायचं की कोणाला बोट ठेवायला जागाच राहू नये.

आमच्याकडे काय झालं सांगतो. वडिलांनी साध्या कागदावर विल केलेलं, दोन साक्षीदार, एक आमचे फॅमिली डॉक्टर आणि एक ऑफिसातले कॅरमचे पार्टनर. वडील गेले तोवर डॉक्टर जाऊन सहा वर्षं झाली होती. प्रोबेटच्या अर्जाला निदान एका साक्षीदाराचं अॅफिडेव्हिट लागतं, मग त्या काकांना शोधत चिपळूणच्या पुढे त्यांच्या गावी गेलो. काकांना विल वगैरे काही आठवेना. चष्मा लावून कागद उन्हात धरला, बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "सही माझीच रे, त्या दिवशी तुझ्या आईने थालीपीठं केली होती." ते थालीपीठ नसतं आठवलं तर आमचं काही खरं नव्हतं. घरात कोणाचीच हरकत नसताना १६ महिने गेले. कोर्ट फीला ७५,००० ची कमाल मर्यादा होती, वकिलाची फी वेगळी.

म्हणून साक्षीदार बाबांपेक्षा बरेच लहान घ्या आणि ज्याला विलमधून काही मिळणार आहे तो तर अजिबात नको. विलला स्टँप पेपर लागत नाही, रजिस्टर करणंही कायद्याने सक्तीचं नाही, तरी करा, सब रजिस्ट्रारकडे फोटो आणि अंगठा होतो, नंतर "सही खोटी" म्हणणं अवघड जातं. ७८ वय आहे तर त्याच दिवशीचं डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडा. आणि एक्झिक्युटर, म्हणजे विलप्रमाणे सगळं पार पाडणारा माणूस, नेमा.

आता गिफ्ट डीड. मोह होतो कारण स्वस्त आहे, महाराष्ट्रात राहतं घर मुलाला दिलं तर स्टँप ड्युटी २०० रुपये, वर सेस वगैरे वेगळा. पण एकदा दिलं की दिलं. विल बाबा उद्या फाडून दुसरं करू शकतात, गिफ्ट सहसा परत घेता येत नाही. आमच्या मजल्यावरच्या काकूंनी मुलाच्या नावावर घर केलं, मुलगा वाईट नाही हो, पण त्याने धंद्यासाठी घर तारण ठेवलं, हप्ते थकले आणि बँकेची नोटीस काकूंच्या दाराला चिकटवली गेली. वाचायला त्यांनी मलाच बोलावलं, कारण चष्मा सापडत नव्हता. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात गिफ्ट रद्द करायची सोय आहे, पण त्यासाठी "सांभाळ करीन" ही अट साधारणपणे डीडमध्ये लिहिलेली असावी लागते, आणि वर आईबापाने मुलाविरुद्ध अर्ज करायचा, कोण करतं?

आणि तुमच्या प्रश्नात बहिणीला काय मिळणार ते कुठेच नाही, आईचंही नाही. विल केलंच नाही तर हिंदू वारसा कायद्याने आई आणि तिन्ही मुलं समान वारस, बाबांची आई हयात असेल तर तीसुद्धा. मग दुबईहून हक्कसोड पत्रासाठी बहिणीला बोलवा किंवा पॉवर ऑफ अॅटर्नी मागवा. बाबांना हे नको असेल तर त्यांनी विलमध्ये आईला तहहयात राहायचा हक्क लिहून मग पुढे मुलांचं बघावं, हे माझं मत.

सोसायटीत नॉमिनेशन भरलंय म्हणून निर्धास्त राहू नका. नॉमिनी मालक होत नाही, सोसायटी त्याला वारस ठरेपर्यंत तात्पुरता सभासद करून घेते एवढंच. कंपन्यांच्या शेअर्सच्या बाबतीतही सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये हेच सांगितलं. म्हणून विलमधलं नाव आणि नॉमिनीचं नाव शक्यतो एकच ठेवा, दोन ठिकाणी दोन नावं असली की तिथून वाद सुरू होतात.

आणि ओरिजनल विल कुठे ठेवलंय ते घरातल्या एकाला तरी सांगून ठेवायला लावा बाबांना. आमचं गॅस सिलिंडरच्या पावत्यांच्या फाईलमध्ये सापडलं, तेही रद्दीवाला जिन्यात येऊन उभा असताना.